हाताशी काय होतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



खामगावच्या माणसाने बंदुकीवर बोलायचं म्हटलं की ऐकणारा आधी चमकतो. आमचं गाव ओळखलं जातं ते चांदीमुळे आणि कापसामुळे. सराफ्यात गेलात तर चांदीचं ताट मिळेल, बाजार समितीत गेलात तर सरकीचा भाव कळेल. बंदूक म्हटलं की आपल्याला मुंबईतल्या टोळ्या आठवतात, उत्तरेकडच्या वरातीतले हवेत झाडलेले बार आठवतात, नाही तर अमेरिकेतल्या शाळा. वऱ्हाडात भांडण झालं तर काठी निघते, फार झालं तर कुऱ्हाड. तेव्हा डॉक्टर, तुम्ही हा विषय कुठून काढला, असं मला भाषणाच्या आधीच दोघा-तिघांनी विचारलं.

विषय मी काढला नाही. तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून असतोच. 'देशी कट्ट्यासह दोघे जेरबंद', 'दोन जिवंत काडतुसे हस्तगत'. चार ओळींची बातमी. काडतुसाला आपण जिवंत म्हणतो, हे मला नेहमी चमत्कारिक वाटत आलं आहे. पण ते असो. त्या चार ओळींत पोलीस ठाण्याचं नाव असतं, पंचासमक्ष झालेल्या जप्तीची किंमत असते आणि पुढील तपास अमुक करीत आहेत हे असतं. तो कट्टा कुठून निघाला, किती हातांतून फिरला आणि कोणासाठी चालला होता, हे त्यात सहसा नसतं. मला त्यातच रस आहे.

खामगावहून नांदुरा, जळगाव जामोद असं उत्तरेला निघालं की सातपुडा समोर उभा राहतो. तो ओलांडला की मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा. त्या जिल्ह्यात खकनार तालुक्यात पाचोरी नावाचं गाव आहे. आणखी पश्चिमेला, आपल्या चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून, बडवानी जिल्ह्यात उमर्टी आहे. गावठी पिस्तुलं बनवणारी गावं म्हणून या दोन्ही गावांची नावं महाराष्ट्राच्या पोलिसांना पाठ आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर पुण्याचे पोलीस उमर्टीपर्यंत गेले आणि तिथल्या भट्ट्या त्यांनी मोडून टाकल्या. पुण्यात पकडलेल्या शस्त्रांचा माग काढत काढत ते सातपुड्यात पोचले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एरवी आपण माणसाचा माग काढतो, वस्तूचा काढत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या गावांमधले शिकलगार हे पिढीजात लोहार-कारागीर. हत्याराला धार लावणं, शस्त्र घडवणं हा त्यांचा जुना धंदा. शिखांच्या गुरूंच्या सैन्याला शस्त्रं पुरवणारे म्हणून ते आपला इतिहास सांगतात. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला आणि कारागिरी हाच गुन्हा होऊ लागला. त्यांच्यातले कितीतरी जण आज बादल्या, कुलपं, कढया विकून पोट भरतात. सगळ्या समाजाला एका शिक्क्याखाली आणणं हा आपला आळस आहे. पण हेही खरं, की स्टीलची नळी आणि कानस यांच्यावर हात बसलेल्या माणसाला पिस्तूल बनवायला मोठा कारखाना लागत नाही. आणि गिऱ्हाईक आहे तोवर एक भट्टी मोडली तर दुसरी पेटते.

बंदुकीने होणाऱ्या हिंसेचा शास्त्रीय अभ्यास करणारे लोक नेमकं काय करतात, हे आता सांगतो. पोलीस विचारतात, कोणी मारलं? न्यायालय विचारतं, का मारलं, पुरावा काय? हे प्रश्न हवेतच. पण आरोग्यशास्त्र एक तिसरा, वरवर पाहता फार साधा प्रश्न विचारतं: त्या क्षणी हाताशी काय होतं? राग तोच, भांडण तेच, दारू तीच. हाताशी काठी असेल तर टाके पडतात, बंदूक असेल तर तिरडी बांधावी लागते. मलेरियाचा अभ्यास करणारा नुसता रोगी तपासत नाही, डबकं कुठे आहे तेही पाहतो. तसंच हे.

हा प्रश्न विचारणं सोपं नाही. अमेरिकेची गोष्ट सांगतो. त्या देशात नागरिकांच्या हाती असलेल्या बंदुका माणसांपेक्षा जास्त आहेत. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने २०१८ साली दिलेला अंदाज होता, शंभर माणसांमागे १२०. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राच्या नोंदीनुसार २०२१ या एका वर्षात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. आपल्याला वाटतं ते सगळे खून. तसं नाही. त्यातले निम्म्याहून जास्त लोक स्वतःच्या हाताने गेले. हा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आर्थर केलरमन नावाचे एक डॉक्टर, अपघात विभागात काम करणारे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन राज्यांतल्या तीन परगण्यांत, घरात झालेल्या खुनांचा अभ्यास केला. ज्या घरात खून झाला त्या घराच्या जोडीला त्याच वस्तीतलं तसंच दुसरं घर घ्यायचं, आणि दोहोंत फरक काय ते पाहायचं. १९९३ साली त्यांचा लेख आला. लोक बंदूक घेतात ती घराच्या रक्षणासाठी. निष्कर्ष उलटा निघाला. दारू, मारहाण, पूर्वीचे गुन्हे वगैरे गोष्टींचा हिशेब बाजूला काढूनही, बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका जवळजवळ पावणेतीनपट होता. आणि हा वाढीव धोका बाहेरच्या चोराकडून नव्हता, तर घरातल्या आणि अगदी जवळच्या माणसांकडून होता.

या अभ्यासावर टीका झाली आणि तिच्यातला एक मुद्दा रास्त होता. ज्यांना आधीच भीती आहे तेच लोक बंदूक घेत असतील, मग बंदुकीमुळे धोका की धोक्यामुळे बंदूक? शास्त्रात अशा शंकेला एकच उत्तर असतं, आणखी अभ्यास करा. झालं वेगळंच. बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेला हे संशोधन खुपलं. १९९६ साली आर्कान्सा राज्याचे खासदार जे डिकी यांनी अर्थसंकल्पात एक कलम घालून घेतलं: रोग नियंत्रण केंद्राचा पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरता येणार नाही. शब्द 'प्रचार' होता, 'संशोधन' नव्हता. पण त्याच वेळी केंद्राचे २६ लाख डॉलर कापले गेले. आदल्या वर्षी या संशोधनावर बरोबर तेवढेच खर्च झाले होते. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुढची वीसेक वर्षं सरकारी पैशातून हे काम जवळपास थांबलं. हा विभाग ज्यांनी उभा केला त्या डॉ. मार्क रोझेनबर्ग यांना १९९९ मध्ये पद सोडावं लागलं.

आता पुढचं ऐका. हे डिकी आणि हे रोझेनबर्ग, एकमेकांचे कट्टर विरोधक. पण भेटीगाठी होत गेल्या, बोलणं वाढलं, मुलाबाळांची चौकशी सुरू झाली आणि चक्क दोस्ती झाली. २०१२ च्या जुलैमध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे चित्रपटगृहात गोळीबार होऊन १२ जण ठार झाले. त्यानंतर काही दिवसांतच दोघांनी मिळून वर्तमानपत्रात लेख लिहिला, की बंदुकीच्या हिंसेवर संशोधन झालंच पाहिजे. त्यांचा दाखला मोटारीचा होता. रस्त्यावरच्या अपघातांवर सरकारने भरपूर संशोधन केलं. त्यातून सीटबेल्ट आले, एअरबॅग आल्या, रस्त्याच्या मध्ये दुभाजक आले, माणसं वाचली. मोटारी कोणी बंद केल्या नाहीत. डिकी २०१७ मध्ये वारले. २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकी संसदेने या संशोधनासाठी पुन्हा अडीच कोटी डॉलर मंजूर केले. २०२५ मध्ये त्याच केंद्राच्या मनुष्यबळाला पुन्हा कात्री लागली, हेही सांगितलं पाहिजे. असं ते दोन पावलं पुढे, एक मागे चाललेलं आहे.

मला या गोष्टीतली दोस्ती आवडते. राजकारण्याने मत बदलणं ही तशी दुर्मीळ घटना, आणि तेही निवडणूक नसताना.

केलरमन यांचं संशोधन दूरचं वाटत असेल तर जवळचं एक उदाहरण देतो. २२ एप्रिल २००६ ची सकाळ. वरळीतल्या घरी माजी केंद्रीय मंत्री प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या सख्ख्या भावाने पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. ३ मे रोजी महाजनांचा मृत्यू झाला. ते पिस्तूल चोरीचं नव्हतं, गावठी नव्हतं. रीतसर परवान्याचं होतं. भावाभावांतलं बिनसणं वऱ्हाडातल्या कोणत्या घरात नाही? धुऱ्यावरून, वाटणीवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले भाऊ माझ्या ओळखीत डझनभर आहेत. अबोला धरून ते म्हातारे झाले. त्यांच्या कमरेला पिस्तूल नव्हतं, हे त्यांचं आणि आपलं नशीब.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. मारेकऱ्याने वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर परवान्याने घेतलेलं होतं. परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा. त्याच आठवड्यात उल्हासनगरला एका आमदाराने पोलीस ठाण्यातच, अधिकाऱ्याच्या दालनात, विरोधी गटाच्या माणसावर गोळीबार केला. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्यात बंदूक नव्हती, पण त्या निमित्ताने सगळ्यांचं लक्ष गेलं ते एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने आहेत या गोष्टीकडे. कमरेला पिस्तूल लावून काढलेली छायाचित्रं, हवेत गोळीबार केल्याच्या चित्रफिती बाहेर आल्या. मग छाननी झाली, बरेच परवाने रद्द झाले. छाननी आधी का नव्हती, हा प्रश्न माझ्यासारख्याने विचारून उपयोग नाही. पण ती झाली हे चांगलं झालं.

कायदा तसा कच्चा नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्याकडून शस्त्र चालवण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र मागितलं. त्यात मानसिक आरोग्याचाही उल्लेख आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मुभा उरली, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढणं हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाला. बेकायदा शस्त्र बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. कागदावर हे उत्तम आहे. पण 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'चाच अंदाज असा, की भारतात नागरिकांच्या हाती सुमारे ७ कोटी १० लाख बंदुका आहेत आणि त्यांतल्या नोंदलेल्या एक कोटीच्याही आत. परवान्याच्या बंदुकीला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. सातपुड्यातून दुचाकीच्या डिकीत येणाऱ्या कट्ट्याला कोणाचंच लागत नाही.

याचा अर्थ कायदा व्यर्थ, असा मी काढत नाही. मिळायला अवघड असणं यालाच किंमत असते. एक जुना दाखला पाहा. २० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींना मारण्याचा पहिला प्रयत्न फसला. त्यानंतर नथुराम गोडसे आणि नारायण आपटे भरवशाच्या पिस्तुलासाठी वणवण फिरत होते. ते शेवटी ग्वाल्हेरला मिळालं. इटलीत १९३४ साली बनलेलं बेरेटा. हाताशी पिस्तूल नाही म्हणून मिळालेल्या त्या दिवसांत पोलिसांना बरंच काही करता आलं असतं. ते झालं नाही, याची चौकशी पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने केली. मुद्दा एवढाच, की शस्त्राची शोधाशोध जेवढी लांबते तेवढा वेळ दुसऱ्या बाजूला मिळतो.

आपल्याकडे तर दर निवडणुकीत एक प्रयोग आपोआप होतो आणि त्याचा निकाल कोणी पाहत नाही. आचारसंहिता लागली की परवाना असलेली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. कोणाची घ्यायची, कोणाला सूट द्यायची हे छाननी समिती ठरवते. शेतात रानडुकरं घुसतात म्हणून ज्यांच्याकडे भरमार किंवा बारा बोअर आहे असे शेतकरीही खांद्यावर बंदूक टाकून ठाण्यात येतात, पावती घेतात. निकाल लागला की बंदूक घरी. त्या महिना-दीड महिन्यात जिल्ह्यातल्या जखमांच्या नोंदींत काही फरक पडतो का? पडत नसेल तर तेही कळायला हवं. दोन रजिस्टरं शेजारी ठेवायचं काम आहे. एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला प्रबंधाला विषय मिळत नसेल, तर हा घ्यावा.

मी स्वतः नोकरीत बंदुकीच्या जखमा मोजक्याच पाहिल्या. एक आठवते ती भरमारच्या छर्‍यांची. रात्री जागलीवर गेलेले दोन शेजारी. ज्वारीत खसखस झाली, एकाने बार काढला, छर्रे दुसऱ्याच्या मांडीत. माणूस वाचला. पोलीस आले, जबाब झाला, मी प्रमाणपत्र लिहिलं. रानडुक्कर मात्र पळून गेलं असणार.

आता तो आकडा आठवा. अमेरिकेत बंदुकीने गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आत्महत्येने गेले. तिथे घराघरात हाताशी बंदूक आहे. इथे काय आहे? श्रोतेहो, वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या घरात जा. खुंटीवर पंप टांगलेला असतो, आणि कोपऱ्यात किंवा माळ्यावर फवारणीचं औषध. 'औषध' हाच शब्द आपण वापरतो. आमची बंदूक ती आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भासाठी जे पॅकेज जाहीर केलं त्यातल्या सहा जिल्ह्यांत आपला बुलडाणा होता. कर्ज, पाऊस, कापसाचा भाव, दारू, हुंडा, या कारणांवर आपण खूप बोललो आणि बोललं पाहिजेच. हाताशी काय होतं यावर मात्र फार कमी बोललो.

शास्त्र काय सांगतं? मरणाची तीव्र इच्छा ही बहुतेक वेळा लाटेसारखी असते. ती येते, आणि वेळ गेला तर ओसरते. अशा प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, असं अनेक देशांतल्या पाहण्यांत आढळलं आहे. वॉर्डात मी ते पाहिलंय. रात्री आणलेला माणूस पहाटे शुद्धीवर आला की पहिलं काय म्हणतो? 'डॉक्टरसाहेब, वाचवा मले.' म्हणून त्या लाटेच्या वेळी मारक साधन जवळ नसणं याला एवढं मोल आहे. 'ज्याला मरायचं तो मरतोच' हे वाक्य आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं. ते खोटं आहे. इस्रायलच्या सैन्यात २००६ मध्ये एक साधा नियम केला: सुट्टीवर घरी जाताना जवानांनी बंदूक छावणीतच ठेवायची. तरुण जवानांच्या आत्महत्या ४० टक्क्यांनी घटल्या. त्यांचं दुःख ४० टक्क्यांनी घटलं होतं असं कोणी म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी घरी बंदूक नव्हती, इतकंच.

श्रीलंकेचं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. भातशेतीचा देश, कीटकनाशकं घरोघर. १९९५ च्या सुमारास तिथला आत्महत्येचा दर जगातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी होता, लाखामागे ४७. तिथल्या सरकारने सर्वांत जहाल औषधं टप्प्याटप्प्याने बंद केली, आधी १९९५ मध्ये, मग १९९८ मध्ये, आणि पुन्हा २००८ ते २०११ दरम्यान. दहा वर्षांत दर निम्म्यावर आला. वीस वर्षांत सुमारे ७० टक्के घट. पीक बुडालं का? अभ्यासकांनी तेही तपासलं. बंदीमुळे उत्पन्न घटल्याचं दिसलं नाही.

आणि एक फसलेला प्रयोगही सांगतो, कारण संशोधनाची खरी शान तिथे असते. याच श्रीलंकेत १८० गावांमध्ये पाहणी झाली. निम्म्या गावांत शेतकऱ्यांना औषध ठेवायला कुलपाची पेटी दिली, निम्म्या गावांत नाही. कल्पना सगळ्यांना पटलेली होती, मलाही पटली असती. २०१७ साली निकाल आला. पेट्यांमुळे काहीच फरक पडला नव्हता. किल्ली घरातच, कुलूप उघडं. केंद्रातून किंवा बाजारातूनच जहाल औषध हटवलं तर माणसं वाचतात, घराघरात पेटी वाटून वाचत नाहीत. कुलपाच्या पेट्या वाटायला सोप्या असतात, फोटोही चांगला येतो. एवढ्यावर थांबतो.

आपल्याकडे २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्यानंतर राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम या जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली होती. २०१८ मध्ये केंद्राने अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यातली सहा २०२० च्या अखेरीस बंद झाली. ही पावलं मुख्यतः फवारणाऱ्यांच्या आणि खाणाऱ्यांच्या आरोग्यासाठी होती. त्यांनी आत्महत्या किती टळल्या, हे पाहायला आपल्याकडे नोंदी आहेत, फक्त त्या एकत्र करायला हव्यात.

हे ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात, किंवा घरातल्या कोणाच्या वागण्यात असं काही जाणवत असेल, तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवा. मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. आणि तोवर औषधाचा डबा घरातून हलवून शेजाऱ्याकडे, सालदाराकडे, कुठेही नेऊन ठेवा. त्यात संकोच नको.

आता शेवटचा मुद्दा, आणि मी मुळात त्यासाठीच बोलायला तयार झालो.

ब्रिटनमध्ये वेल्स प्रांतात कार्डिफ नावाचं शहर आहे. तिथे जोनाथन शेफर्ड नावाचे जबड्याचे सर्जन. शनिवार-रविवारी रात्री मोडलेले जबडे आणि काचेने फाटलेले गाल शिवून ते थकले. त्यांनी एकदा आपल्याकडच्या जखमी लोकांच्या नोंदी पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर कळलं की मारहाणीचा फार मोठा हिस्सा पोलिसांपर्यंत पोचतच नाही. मग त्यांनी अपघात विभागातल्या कारकुनाला तीन-चारच गोष्टी विचारायला सांगितल्या: कुठे झालं, नेमक्या कोणत्या ठिकाणी, किती वाजता, कशाने मारलं. रुग्णाचं नाव काढून टाकायचं आणि बाकीची यादी दर महिन्याला पोलिसांना आणि नगरपालिकेला द्यायची. बस्स. त्यातून कोणत्या चौकात, कोणत्या गुत्त्यापाशी, कोणत्या वेळी मारामाऱ्या होतात हे उघड झालं. पोलिसांची गस्त त्या वेळी त्या जागी लागली. फुटला तरी धार न येणारा ग्लास मद्यालयांत यावा यासाठी त्यांनी संशोधन केलं. २०११ मध्ये या कामाचं मूल्यमापन प्रसिद्ध झालं. तशाच इतर शहरांशी तुलना करता कार्डिफमध्ये मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळलं. या कामात नवं यंत्र नव्हतं, नवा कायदा नव्हता.

तुम्ही म्हणाल, ते साहेबांच्या देशात. पण मंडळी, आपल्याकडे याहून जास्त आहे! प्रत्येक सरकारी दवाखान्यात एमएलसी रजिस्टर असतं. मारहाण, विषबाधा, जळीत, बंदुकीची जखम, काहीही आलं की त्यात नोंद करून पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मी तीस वर्षं विदर्भातल्या वेगवेगळ्या दवाखान्यांत ती रजिस्टरं भरली. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. त्यात जखमेची लांबी, रुंदी, खोली इंचात लिहिलेली असते, कारण न्यायालयात वकील तेच विचारतो. ठिकाण मात्र 'राहत्या गावी' असं मोघम, आणि वेळ म्हणजे दवाखान्यात आल्याची. भांडण कुठे झालं, दारूच्या दुकानापासून किती अंतरावर, हत्यार कोणाचं, घरातलं की बाहेरून आणलेलं, यासाठी रकानाच नाही. कट्ट्याची जखम असली तर कट्टा सातपुड्यातून आला की परवान्याचा, हे जखमेच्या नोंदीत कधीच येत नाही; ते पोलिसांच्या कागदात जातं, आणि ते दोन कागद पुन्हा भेटतात ते थेट न्यायालयात, चार-सहा वर्षांनी. प्रत्येक कागद एका खटल्यापुरता. रजिस्टर भरलं की कपाटावर, कपाट भरलं की अडगळीच्या खोलीत. वाळवीने खाल्लेली मी पाहिली आहेत.

बंदूक आपल्या भागात अजून विरळ आहे, म्हणून हे आताच करायला हवं असं मला वाटतं. साथ पसरल्यावर डबकी मोजणं महाग पडतं.

निवृत्तीनंतर मी एक छोटा उद्योग केला. मेन रोडवरच्या एका दुकानातून रबरी शिक्का करून घेतला. त्यात चार रिकाम्या जागा आहेत: घटना घडली ते नेमकं ठिकाण, घडल्याची वेळ, साधन, आणि साधन कोणाचं. रजिस्टरातल्या प्रत्येक नोंदीखाली मारता येतो. छापील नमुना बदलायला मुंबईची परवानगी लागते, शिक्का मारायला लागत नाही. एका दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाईंनी तो चार महिने वापरला. नर्सताईंना सवय झाली, विचारायला मिनिटभर लागतं म्हणाल्या. त्यांनी भरलेली पानं मी पाहिली, त्यातली बरीच भांडणं बाजाराच्या दिवशी संध्याकाळी आणि एकाच वळणावर. मग त्यांची बदली झाली आणि शिक्का माझ्याकडे परत आला. तो टेबलाच्या खणात आहे. कोणत्याही दवाखान्याने मागितला तर मी स्वतः आणून देईन. शाईचं पॅड तेवढं ज्याचं त्याने घ्यावं.